शुक्रवारी सांग

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भांडुपच्या आमच्या गाळ्यात शाळेच्या गणवेशांचे काम इतके तुंबलेले असते की, कारीगर चहाचा ग्लास मशीनच्या टेबलावरच ठेवतात आणि तो तिथेच गार होतो. धंद्याच्या तिसऱ्या हंगामात, २०१४ च्या मे महिन्यात, अशाच एका दुपारी मी कटिंग मास्तरांना सांगितले, "एकाच लॉटचं कापड आहे, नंबर टाकत बसू नका, बंडलं थेट मशीनवर द्या." मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवून एकदाच विचारले, "पक्का, मॅडम?" मी म्हटले, "पक्का."

हे नंबर टाकणे म्हणजे काय, ते सांगायला हवे. कापड कापण्याआधी टेबलावर थानामागून थान उलगडून एकावर एक थर पसरतात आणि मग सगळे थर एकदम कापतात. रंग एकच असला तरी रंगाईची प्रत्येक खेप वेगळी असल्यामुळे दोन थानांची छटा, धंद्याच्या भाषेत शेड, किंचित वेगळी निघू शकते. म्हणून कापून झाल्यावर एका थरातून निघालेल्या सगळ्या भागांवर, म्हणजे पुढचे दोन पल्ले, पाठ, बाह्या आणि कॉलर यांच्यावर, एकाच नंबरचे इवलेसे स्टिकर लावायचे असतात. तेव्हाच सातव्या थराची बाही सातव्याच थराच्या पाठीला जोडली जाते. काम बिनडोक आहे, पण दोन बायकांचा अर्धा दिवस त्यात जातो, आणि मला तो अर्धा दिवस वाचवायचा होता.

एकशे ऐंशी आकाशी शर्ट शिवून, काजे-बटणे होऊन, इस्त्री होऊन तयार झाले. गाळ्यातल्या ट्यूबलाइटखाली ते सगळे एकसारखे दिसत होते. तिसऱ्या दिवशी टेम्पोत माल चढवताना एक पिशवी फाटली आणि त्यातला शर्ट मी उन्हात धरला. उजवी बाही जणू दुसऱ्याच शाळेची होती. दुसरा शर्ट काढला. त्याची कॉलर वेगळी. सातव्या शर्टापर्यंत मी पाहत राहिले आणि मग टेम्पोवाल्याला परत जायला सांगितले.

अशा वेळी काय करायचे याचा धंद्यात एक जुना रिवाज आहे. नुकसान कटिंगचे असेल तर ते मास्तरांच्या हिशेबातून कापायचे आणि शिलाईचे असेल तर कारीगराच्या. मूळ हुकूम कोणाचा होता, हे त्या रिवाजात कोणी विचारत नाही. मी हातात शर्ट घेऊन आत गेले तेव्हा सगळ्या मशीन एकेक करून थांबल्या. मास्तर माझ्याकडे पाहत नव्हते, टेबलावरचा खडूचा चुरा हाताने गोळा करत होते. इथे मी मोठेपणाने चूक कबूल केली, असे लिहायला मला आवडले असते. पण मी तसे केले नाही. मी कापडवाल्याला फोन लावला आणि एका लॉटमध्ये दोन शेड दिल्याबद्दल, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्याला नको नको ते बोलले. त्याने शांतपणे विचारले, "ताई, नंबर नव्हते टाकले का?"

'ही चूक माझी होती, कोणाच्याही पैशांतून काही कापले जाणार नाही' हे दोन तुकडे मी दुसऱ्या दिवशी सकाळी कसेबसे बोलले. त्या रात्री मला झोप लागली नव्हती आणि त्याचे कारण नुकसान एवढेच नव्हते. आमच्या घरात 'मालक' हा शब्द शिवीसारखा वापरला जाई.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, होते. सुरुवातीची कित्येक वर्षे ते बदली कामगार होते. म्हणजे रोज पाळीच्या वेळी दारावर जाऊन उभे राहायचे, कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असेल तर काम मिळायचे, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी यायचे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा मी तिसरीत होते. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि आमच्या घरात तरी तो पुष्कळ वर्षे चालूच राहिला. आईने काजे-बटणांचे काम घरी आणायला सुरुवात केली. ठेकेदाराचा माणूस गठ्ठा टाकून जाई. आई आणि मी खाटेवर बसून बटणे लावत असू आणि डझनावर पैसे मिळत. नग मोजायचा तो, खोट काढायचा तो आणि लिहायचाही तोच. एकदा त्याने दिलेला दोरा कुजका निघाला, बटणे सुटली आणि तीन आठवड्यांची मजुरी बुडाली. आई त्याच्याशी भांडली नाही. पदराचे टोक बोटाला गुंडाळत ती फक्त म्हणाली, "वहीत काय लिहिलंय ते वाचून तरी दाखवा." त्याने वही मिटली.

अशा घरातल्या मुलीने २०११ साली, गारमेंट एक्सपोर्टच्या एका कंपनीत चौदा वर्षे प्रॉडक्शन पाहिल्यानंतर, नोकरी सोडून चारशे चौरस फुटांचा भाड्याचा गाळा घेतला, जुन्या बाजारातल्या पाच मशीन आणि कापडाच्या कडा बांधणारे एक ओव्हरलॉक मांडले आणि स्वतःला मालक म्हणवून घेतले. धंद्याचे गणित मला येत होते. काळबादेवीत मूळजी जेठा मार्केटमध्ये किती दिवसांची उधारी मागायची, पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, मोजताना कुठे लक्ष ठेवायचे, एका शर्टाला कापड किती लागते, हे सगळे मी नोकरीतच शिकले होते. माणसांचे मात्र मी असे ठरवले होते की आपण चांगले वागायचे, म्हणजे झाले. चांगले वागणे म्हणजे नेमके काय, हे मी कधी ठरवलेच नव्हते.

पहिल्या खंडेनवमीला मशीनची पूजा झाल्यावर पेढे वाटताना मी एक छोटे भाषण केले: आपण सगळे इथे एका कुटुंबासारखे आहोत. सगळ्यांनी माना डोलावल्या. धागे कापायला येणाऱ्या एक मावशी होत्या, साठीच्या आसपासच्या, त्या नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, घरी मी दिवसभर राबते, त्याचा हिशेब कोणी देत नाही. इथे हिशेब मिळतो म्हणून येते. ते कुटुंबाचं राहू द्या." मला राग आला होता, हे कबूल करते. पण त्यानंतर मी स्वतःच्याच तोंडाकडे लक्ष ठेवले, तेव्हा दिसले की 'आपण घरचीच माणसं' हे शब्द मला आठवतात ते रात्री नऊनंतर थांबवायचे असते तेव्हा, किंवा खर्ची दोन दिवस लांबवायची असते तेव्हा. हंगाम चांगला जाऊन चार पैसे हातात उरले, तेव्हा ते एकदाही आठवले नव्हते.

खर्ची म्हणजे दर शनिवारी कारीगराला घरखर्चासाठी द्यायची रक्कम. पूर्ण हिशेब महिन्याअखेर होतो आणि खर्ची त्यातून वजा होते. मुंबईतल्या शिलाईच्या कारखान्यांचा सगळा आठवडा या शनिवारभोवती फिरतो. गणवेशाच्या धंद्यात तर पैशांची चाल उलटी असते. कापड जानेवारी-फेब्रुवारीत घ्यायचे, मार्च ते मे शिवायचे, जूनच्या आत माल पोहोचवायचा आणि पैसे शाळेच्या सवडीने घ्यायचे. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लघुउद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हायला हवेत. तो कायदा मला पाठ आहे आणि मी एकदाही तक्रार केलेली नाही, कारण तक्रार जुलैत केली तर पुढच्या जूनची ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. माझ्या ओळखीचे पुष्कळ लघुउद्योजक याच कारणाने गप्प बसतात आणि मग आपली चणचण खालच्या टेबलाकडे सरकवतात. ४५ दिवसांचा हक्क मी सोडून देते, हे माझ्या कारीगराच्या शनिवारला का भोगावे लागावे, याचे उत्तर मला कधी सापडले नाही.

दुसऱ्या वर्षी एका शनिवारी माझ्याकडे खरोखरच पैसे नव्हते. शुक्रवारी रात्री ते मला माहीत होते. पण सकाळी एखादा चेक वटेल, या आशेवर मी गप्प राहिले. संध्याकाळी सहा वाजता मी कारीगरांना सांगितले की सोमवारी बघू. कोणी काही बोलले नाही. एकाने टेबलाखालून पिशवी काढली आणि ती रिकामीच घडी करून खिशात घातली. तो इथूनच बाजार करून घरी जाणार होता. घरी येऊन मी आबांना सांगितले. आबा तेव्हा सत्तरीला टेकले होते आणि माझ्या धंद्याबद्दल सहसा काही बोलत नसत. ते म्हणाले, "बाय, पैसे नसतात हे कामगाराला कळतं. आम्हालाही कळायचं. पण शनिवारी संध्याकाळी नाही म्हणायचं असेल, तर ते शुक्रवारी सांग. शनिवारपर्यंत त्याने चौघांना शब्द दिलेला असतो."

माणसे सांभाळण्याविषयी मी नंतर थोडेफार वाचले, एका बँकेने भरवलेल्या दोन दिवसांच्या शिबिरालाही जाऊन आले, पण या वाक्यापलीकडे नेणारे मला तिथे काही मिळाले नाही. तेव्हापासून गुरुवारी रात्री मी पैसे मोजते आणि कमी पडणार असतील तर शुक्रवारी सकाळी, मशीन सुरू होण्यापूर्वी, सांगते: एवढे आहेत, एवढे कमी आहेत, ज्याला खोलीचे भाडे द्यायचे आहे त्याने हात वर करावा. पहिल्यांदा हे सांगताना माझा घसा कोरडा पडला होता. वाटले होते की दोघे-तिघे तरी सोडून जातील. कोणी गेले नाही. उलट इस्त्रीवाल्याने त्याचे आठवड्याचे पैसे बॉबिनवर बसणाऱ्या मुलाला देऊन टाकायला सांगितले, कारण त्या मुलाच्या बहिणीची फी भरायची होती. अर्थात हे दर वेळी असे गोड होत नाही. एकदा एक कारीगर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आपका हर महीने का यही है," आणि तो बरोबर होता. त्या वर्षी मी एका शाळेची ऑर्डर सोडली.

दुसरी गोष्ट वहीची. प्रत्येक कारीगराची एक लहान वही त्याच्याजवळ असते आणि माझे मोठे रजिस्टर माझ्याजवळ. रोज संध्याकाळी सात वाजता दोन्हींत नग लिहिले जातात आणि दोन्हींवर दोघांच्या सह्या होतात. ज्याला वाचता येत नाही त्याचे आकडे त्याच्या पसंतीचा माणूस तपासतो. यात वीस मिनिटे जातात. माझे अकाउंटंट हसतात. म्हणतात, हे सगळे आता मोबाइलवर होते. होत असेलही. पण रजिस्टर उघडे ठेवून मी बाजूला बसते, कारीगर बोट ठेवून आपली ओळ शोधतो आणि कधी म्हणतो, "सोळा नाही, अठरा," तेव्हा आम्ही बंडल उघडून मोजतो. बहुतेक वेळा सोळाच निघतात. अठरा निघतात त्या दिवशी मला आईची आठवण येते.

शेडच्या त्या प्रकरणानंतर काय झाले, ते सांगायचे राहिले. पुढच्याच महिन्यात कॉलरवर बसणारी मुलगी आपण होऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, बारा कॉलर उलट्या लागल्या आहेत. कोणी पाहिले नव्हते; ती गप्प राहिली असती तर ते शर्ट शाळेतूनच परत आले असते. शिलाईत चूक जितकी पुढच्या टेबलावर जाते तितकी ती महाग होते: कटिंगवर कळली तर खडू पुसावा लागतो, मशीनवर कळली तर उसवावे लागते, आणि माल गेल्यावर कळली तर शाळा जाते. ज्या गाळ्यात चुकीचे पैसे कापले जातात तिथे ती नेहमी शेवटच्या टेबलावरच सापडते. आम्ही त्या बारा कॉलर उसवल्या आणि तेवढ्या तासाचे तिचे नग मी भरून दिले. शेजारच्या गाळ्यातल्या शेठना हा वेडेपणा वाटला. असल्या सवलतीने कारीगर निष्काळजी होतात, असे त्यांचे म्हणणे. एक कारीगर तसा निघालाही. त्याला मी तिसऱ्या वेळी काढले, आणि तेही शनिवारी नव्हे.

आबांचा दुसरा धडा रविवारचा. शाळा साधारण जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणून जूनचे पहिले दोन रविवार आमचा गाळा चालू असायचा, सगळ्यांचाच असतो. २०१८ साली १० जूनला रविवार होता. आबा दुपारी माझा डबा घेऊन आले, आत सगळ्या मशीन चालू पाहून स्टुलावर बसले आणि त्यांनी मला विचारले, आज तारीख कोणती? मग हळू आवाजात, जणू स्वतःशीच, म्हणाले, "लोखंड्यांचा दिवस." नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि त्यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची सुट्टी मान्य झाली. त्यापूर्वी गिरणी कामगाराला आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. हे मी शाळेत शिकले होते, आबांकडून शंभरदा ऐकले होते, आणि बरोबर त्याच तारखेला, तेही रविवारी, बावीस माणसांना कामाला बसवून मी पोळी-भाजी खात होते.

पुढच्या वर्षापासून रविवार बंद. त्यासाठी शनिवारपर्यंतचे वेळापत्रक फेब्रुवारीतच बसवावे लागते आणि दोन लहान शाळांना नाही म्हणावे लागले. आठवड्याचा माल थोडा कमी निघतो हे खरे. पण सोमवारची उसवणही कमी झाली, आणि ती मी मोजलेली आहे.

याच हिशेबातला एक भाग कायद्याचा आहे. दहा माणसे झाली की कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. म्हणून आमच्या वसाहतीत कागदावर नऊ माणसे असलेले गाळे पुष्कळ आहेत, आणि आत गेले की मशीन मोजता मोजता आकडा पंधराच्या पुढे जातो. मीही दोन वर्षे नऊवर थांबले होते. मग नोंदणी केली, तर कारीगरच नाराज झाले. दर महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालकाला सव्वातीन टक्के भरावे लागतात. म्हणजे १६ हजारांवर त्याचे १२० रुपये आणि माझे ५२०. "मेरा एक सौ बीस क्यों?" हा प्रश्न मला वर्षभर विचारला जात होता. इस्त्रीवाल्याच्या बायकोचे सिझेरियन कामगार रुग्णालयात झाले आणि त्याला बिल भरावे लागले नाही, त्यानंतर तो प्रश्न विचारणे बंद झाले.

आणि मग २०२०. गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवसापासून लागली. गाळ्यात अख्ख्या हंगामाचे कापड पडून होते. मी भावनेच्या भरात सगळ्यांना फोन करून सांगितले की शाळा उघडेपर्यंत कोणाचाही पगार थांबणार नाही. शाळा कधी उघडणार हे मला काय, कोणालाच माहीत नव्हते. एप्रिल दिला, मे अर्धा दिला, जूनमध्ये काही देता आले नाही. तोपर्यंत निम्मे कारीगर श्रमिक गाड्यांनी उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये गेले होते. शर्टाच्या कापडाचे मास्क शिवून आम्ही जे उरलो ते तगलो. नंतर परत आलेल्या मास्तरांनी मला एवढेच सांगितले की पैसे न मिळाल्याचे त्यांना काही वाटले नाही. पण मी शब्द दिला होता म्हणून त्यांनी मेमध्ये गावी जाणारी पहिली गाडी सोडली होती. शुक्रवारी सांगायचे ते मी एप्रिलमध्ये सांगायला हवे होते. याच्यावर मी अजूनही त्यांच्याशी नीट बोललेली नाही.

कॉलरवाली ती मुलगी २०२४ च्या जानेवारीत, म्हणजे ऐन कटिंग सुरू व्हायच्या वेळी, माझे दोन चांगले कारीगर घेऊन बाहेर पडली. स्वतःचा गाळा घ्यायचा, म्हणाली. मी तिला चार शब्द वाकडे बोलले. ती शिकली कोणाच्या मशीनवर, हेही काढले, जे काढायला नको होते. एवढे मात्र खरे की तिने ते मला महिनाभर आधी, एका शुक्रवारी सकाळी सांगितले होते.

दिवाळीनंतर ती आली. फराळाचा डबा टेबलावर ठेवला, थोडा वेळ मास्तरांशी बोलत उभी राहिली आणि मग मला विचारले, "ताई, त्या छोट्या वह्या तुम्ही कुठून आणता? आमच्याकडे मिळतात त्यांना दुसरी रेघ नसते." मी तिला मशीद बंदरच्या कागदवाल्याकडची एक डझन दिली आणि गाळा कुठे घेतलास, भाडे किती, ते विचारले. नाहूरला, म्हणाली, आणि आकडा सांगितला.

"जास्त दिलंस," मी म्हटले. "डिपॉझिट तरी लिहून घेतलंस का?"